पार्श्वभूमी : स्त्रियांच्या ट्रिमरमागचा इतिहास, साताऱ्याच्या संदर्भात

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतच्या दुकानांत आज पुरुषांच्या ट्रिमरशेजारी स्त्रियांसाठीचे ट्रिमर आणि शेव्हरही मांडलेले असतात, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींपासून नोकरदार बायकांपर्यंत अनेकजणी ते घेऊन जातात. तरीही घरातील वडीलधाऱ्या बायका "बाईमाणसाने अंगाला ब्लेड लावू नये" असे बजावतात. या बजावणीला निव्वळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते, कारण या भागात स्त्रीच्या अंगाला वस्तरा लागण्यामागे एक फार दुःखद इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण आणि काही अन्य उच्चवर्णीय घरांत नवरा वारला की विधवेचे केशवपन केले जाई. न्हाव्याला घरी बोलावून, पुष्कळदा अजाण वयाच्या मुलीचे डोके तिच्या इच्छेविरुद्ध भादरले जाई आणि ते पुढे आयुष्यभर वरचेवर होत राही. या रूढीविरुद्ध लिहिणाऱ्यांत अग्रभागी असलेले गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे; १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' सुरू केले आणि त्यातून या प्रथेवर कठोर टीका केली. जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, आणि सावित्रीबाईंचा जन्म खंडाळा तालुक्यातील नायगावचा. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे ठरवले. ज्यांच्या हातून हे काम करवून घेतले जाई त्यांनीच नकार द्यावा, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात आहे त्याहून कितीतरी ठळकपणे सांगितली गेली पाहिजे. वस्तरा म्हणजे वैधव्य, ही जोड मनात इतकी खोल रुजली की प्रथा संपल्यावरही धारदार पात्याचा धसका मागे राहिला.

अंगावरचे केस काढणे मात्र आपल्याकडे कधीच परके नव्हते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेभोवतीचे केस काढण्यासाठी वस्तरा, कात्री व चिमटा सांगितला आहे; शिवाय दोन भाग शंखचूर्ण आणि एक भाग हरताळ आंबलेल्या द्रवात वाटून लावण्याचा लेपही दिला आहे. हरताळ हे आर्सेनिकचे संयुग असल्याने तो लेप आज कोणी लावू नये. घरगुती रीत याहून सौम्य होती. बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव कणकेच्या गोळ्याने चोळून काढत, आणि मुलीच्या चेहऱ्याला डाळीचे पीठ व हळद लावत. सांगलीची हळद, जिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती इथल्या घरांत स्वयंपाकाइतकीच न्हाणीघरातही वापरली गेली आहे. म्हणजे आक्षेप केस काढण्याला नव्हता, पात्याला होता.

यंत्राचा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला आणि त्याची सुरुवात पोशाखातून झाली. बिनबाह्यांचे झगे आले तसे काखेतील केस काढण्याच्या जाहिराती मासिकांतून झळकू लागल्या, आणि १९१५ मध्ये जिलेटने 'मिलेडी डेकोलते' हा स्त्रियांसाठीचा रेझर बाजारात आणला. अमेरिकी सैन्यातील अधिकारी जेकब शिक यांना विजेवर चालणाऱ्या कोरड्या दाढीच्या यंत्राचे पेटंट १९३० मध्ये मिळाले. पुढच्या वर्षी ते २५ डॉलरला विक्रीस आले, जी मंदीच्या काळात मोठीच रक्कम होती. रेमिंग्टनने १९४० मध्ये स्त्रियांसाठी वेगळा विजेचा शेव्हर काढला. त्याच वर्षी तिकडे नायलॉनचे पायमोजे सर्वत्र मिळू लागले होते, पण युद्धामुळे नायलॉन पॅराशूटकडे वळले आणि उघड्या पायांवरचे केस काढण्याची सवय पसरली. जाळीदार पातळ पत्र्याखाली पाती फिरणारा ब्राऊन या जर्मन कंपनीचा शेव्हर १९५० चा. केस मुळापासून उपटणारा 'एपिलेडी' १९८६ मध्ये इस्रायलमधून आला.

आपल्याकडे हे यंत्र पोहोचायला वेळ लागला, याचे एक कारण अगदी साधे आहे. सुरुवातीचे शेव्हर भिंतीवरच्या प्लगला जोडूनच चालत. पाटण तालुक्यातील कोयनेची वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली, तरी खेड्यांतील न्हाणीघरात, तेही दार लावून एकटीने वापरता येईल असा प्लग कुठून असणार? १९६० मध्ये रेमिंग्टनने चार्जिंगवर चालणारा शेव्हर आणला होता. मोबाइलच्या चार्जरवर चालणारा लहानसा ट्रिमर मात्र लिथियम बॅटरी स्वस्त झाल्यानंतरच आपल्या आटोक्यात आला. बाईला आवश्यक असलेला खासगीपणा या बॅटरीने दिला, असे माझे मत आहे. तोपर्यंत केस काढण्याची क्रीम, साखर-लिंबाचे घरगुती वॅक्स आणि पार्लर हेच मार्ग होते. २०२० च्या टाळेबंदीत पार्लरही बंद झाली, तेव्हा पुष्कळ घरांत भावाचा किंवा नवऱ्याचा ट्रिमर बायकांच्या हाती आला.

रुग्णालयांचा अनुभव या सगळ्यात फारच कमी सांगितला जातो. मिरज हे शंभराहून अधिक वर्षे उपचारांचे केंद्र आहे, आणि प्रसूतीपूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी केस ब्लेडने साफ करणे ही जगभर जुनी पद्धत होती. १९७१ च्या एका अमेरिकी अभ्यासात वस्तऱ्याने केस काढलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्क्यांना शस्त्रक्रियेच्या जागी संसर्ग झाला, तर केस काढण्याचे औषध लावलेल्या किंवा केस तसेच ठेवलेल्या रुग्णांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. पात्याने त्वचेवर न दिसणारे ओरखडे उमटतात आणि जंतूंना तिथे वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियेपूर्वी केस काढूच नयेत, आणि काढणे भागच असेल तर क्लिपरने कापावेत. नैसर्गिक प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढण्याचीही संघटना शिफारस करत नाही. ट्रिमर याच क्लिपरच्या तत्त्वावर चालतो : एक दातेरी पाते स्थिर, दुसरे त्यावर सरकणारे, आणि त्वचेपाशी केसाचा छोटासा खुंट शिल्लक.

"एकदा कापले की दाट येतात" या समजुतीला तर १९२८ मध्येच अमेरिकी शास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी प्रयोगाने उत्तर दिले होते. कापल्याने वाढीचा वेग किंवा केसाची जाडी बदलत नाही, फक्त कापलेले टोक बोथट असल्याने हाताला राठ लागते. चेहऱ्यावर अचानक दाट केस येऊ लागले तर त्याचे कारण ट्रिमर नसून बहुधा संप्रेरकांत असते, आणि तिथे डॉक्टरकडे जाणे योग्य.

जांघेसारख्या नाजूक भागावर कंगवा लावलेला ट्रिमरच वापरावा, त्वचा दुसऱ्या हाताने ताणून धरावी, आणि ते यंत्र दाढीच्या यंत्राहून वेगळे असावे, कारण सूक्ष्म जखमांतून संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ही माहिती खोक्यातील पत्रकावर बारीक इंग्रजीत असते. साताऱ्या-सांगलीत ही यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी ती मराठीत, चित्रांसह छापली पाहिजे, आणि दुकानदाराने ती मागे न ठेवता गिऱ्हाइकाच्या हाती दिली पाहिजे.