काहीच न करणारा प्रोसेसर

झायलॉग या चिप बनवणाऱ्या कंपनीने एप्रिल २०२४मध्ये जाहीर केलं, की झेड-८० या चिपच्या शेवटच्या ऑर्डरी जूनपर्यंतच घेतल्या जातील. १९७६पासून चाललेला आठ-बिटी प्रोसेसर थांबला. आता अशा जुन्या प्रोसेसरभोवती स्वतः सर्किट जोडून बघण्याचा छंद म्हणजे नुसता आठवणींचा उमाळा, असं म्हणणाऱ्यांना एक प्रयोग करून बघायला सांगावं. या छंदाची खरी गोडी वेगळीच आहे: इथे प्रोसेसरच्या प्रत्येक तारेवर काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

'काही करू नकोस, पुढे जा' या सूचनेचा झेड-८०मधला आकडा शून्य आहे. म्हणून मेमरीची गरजच नाही. आठही डेटा पिना (७ ते १० आणि १२ ते १५) प्रत्येकी १ किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला जोडा. प्रोसेसर कुठलाही पत्ता वाचो, हाती शून्यच येणार, आणि तो पुढचा पत्ता मागणार. पत्त्याचे खालचे आठ बिट दाखवणाऱ्या ए० ते ए७ (पिना ३० ते ३७) यांना २.२ किलोओहममधून एलईडी लावल्या की द्विमान मोजणी दिसू लागते.

चिप सीमॉस या नंतरच्या बनावटीची, म्हणजे झेड८४सी००च हवी. जुन्या एनमॉस बनावटीची चिप इतक्या संथ क्लॉकवर (प्रोसेसरला ताल देणाऱ्या ठोक्यांवर) आतली मूल्यं विसरते. ११ (५ व्होल्ट) आणि २९ (ग्राउंड) या पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सीमॉस ५५५ या टायमर चिपचा ४ हर्ट्झचा क्लॉक, ठोक्यांच्या कडा धारदार करणाऱ्या ७४एचसी१४ या चिपमधून, पिन ६ला. प्रोसेसरला मध्येच अडवणाऱ्या किंवा थांबवणाऱ्या १६, १७, २४, २५ या पिना १० किलोओहमने ५ व्होल्टला बांधा. १७ (तातडीच्या व्यत्ययाची पिन) मोकळी राहिली तर मोजणी मध्येच १०२वर उडी मारू शकते. रीसेट (२६) १० किलोओहमने ५ व्होल्टला आणि बटणाने ग्राउंडला. त्याला क्लॉकचे किमान तीन ठोके लागतात, त्यामुळे बटण सेकंदभर दाबून धरा.

१२७पर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग ए७ची (१२८च्या बिटाची) एलईडी दोन ठोके पेटते, दोन ठोके विझते. चिप खराब नाही. प्रत्येक सूचनेच्या चार ठोक्यांपैकी पहिल्या दोनमध्ये खरा पत्ता असतो. पुढच्या दोनमध्ये झेड-८० डायनॅमिक मेमरीच्या रिफ्रेशसाठी, म्हणजे तिच्यातली माहिती पुन्हा ताजी करण्यासाठी, दुसराच पत्ता देतो. अशा मेमरीत बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो गळत राहतो. त्या काळच्या १६ किलोबिट चिपमध्ये १२८ ओळी असत. २ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा तरी वाचावी लागे. म्हणून रिफ्रेशचा मोजक सात बिटांचाच: १२७नंतर तो शून्यावर येतो, पत्ता मात्र १२८वर जातो. पिन २८ रिफ्रेशच्या वेळी शून्य होते. ५ व्होल्टकडून २.२ किलोओहममधून तिच्यावर एक एलईडी लावा. ती पेटलेली असेल तेव्हा पत्ता वाचायचा नाही.