राष्ट्राध्यक्षाचे कागद कुणाचे?

इतिहासाची आवड असलेल्या वाचकाला अमेरिकी राष्ट्राध्यक्षाचे चरित्र सुचवायचे, तर आधी प्रकाशनवर्ष पाहावे आणि कागदपत्रे खुली झाली त्या वर्षाशी ते ताडून घ्यावे. चरित्रकार कितीही कसलेला असो, दप्तर बंद असताना त्याला तर्कावरच भागवावे लागते.

सुरुवातीची दीडशे वर्षे पद सोडणारा राष्ट्राध्यक्ष कागद घरी नेई. लिंकन यांच्या मुलाने वडिलांची कागदपत्रे आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षे बंद ठेवायला लावली. ती जुलै १९४७मध्ये उघडली. त्याआधी ती लिंकन यांच्या दोघा माजी सचिवांनी वापरली होती, पण त्यांनी लिहिलेल्या लिंकनचरित्राचे १८९०चे दहा खंड मुलाच्या संमतीने निघाले, म्हणून जपून वाचावेत. पुढे १९५५च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांचे कागद ठेवणाऱ्या संग्रहालयांची सोय झाली, तरी कागद देणे ऐच्छिकच राहिले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दूरध्वनी-संभाषणांच्या फिती मृत्यूनंतर ५० वर्षे बंद ठेवायला सांगितले होते. त्या १९९३पासून खुल्या होऊ लागल्या; त्याआधीच्या चरित्रांना तो आवाज मिळालाच नाही.

खरा वाद निक्सन यांचा. ऑगस्ट १९७४मध्ये वॉटरगेट प्रकरणामुळे राजीनामा दिल्यावर महिन्याभरातच त्यांनी सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या खात्याच्या प्रमुखाशी करार केला. सुमारे ४ कोटी २० लाख पाने आणि ध्वनिमुद्रित संभाषणांच्या ८८० फिती दोन किल्ल्यांच्या कुलपात राहणार होत्या. तीन वर्षांनी निक्सन कागद काढून घेऊ शकत होते. १९७९नंतर त्यांच्या सांगण्यावरून फिती नष्ट करता येणार होत्या; १ सप्टेंबर १९८४ रोजी, किंवा त्याआधी त्यांचा मृत्यू झाल्यास तेव्हाच, त्या नष्ट करायच्याच होत्या. म्हणजे पुरावा पुसण्याची तारीख सरकारनेच मान्य केली होती. डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून हे सारे ताब्यात घेतले, १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तरीही मालकी निक्सन यांचीच ठरल्याने २००० साली त्यांच्या वारसांना १ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले. फितींवरच्या सुमारे ३,७०० तासांपैकी ३,००० तास खुले झाले; शेवटचा मोठा हप्ता २०१३चा. सत्तरच्या दशकातली पुस्तके मात्र अनेकदा एप्रिल १९७४मध्ये निक्सन यांच्याच कार्यालयाने काटछाट करून दिलेल्या उताऱ्यांवर उभी आहेत. त्यांतला संवाद नव्या प्रतिलेखांशी पडताळल्याशिवाय उद्धृत करू नये.

१९७८च्या कायद्याने २० जानेवारी १९८१पासूनचे कागद जनतेचे झाले. पद सोडल्यावर पाच वर्षांनी मागणी करता येते, सल्लागारांच्या गोपनीय टिपणांसारखे सहा प्रकार बारा वर्षांपर्यंत रोखता येतात. रेगन यांची ही मुदत जानेवारी २००१मध्ये संपली, तेव्हा सुमारे ६८,००० पाने अडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आदेशाने माजी राष्ट्राध्यक्षांना आणि त्यांच्या वारसांनाही अडवण्याचा अधिकार दिला. तो आदेश २००९मध्ये रद्द झाला. खासगी रोजनिशी या कायद्यात येत नाही. रेगन यांची रोजनिशी २००७मध्ये छापली गेली. त्यांचे १९९९चे अधिकृत चरित्र सुचवताना त्यातला निवेदक काल्पनिक आहे, हे वाचकाला आधीच सांगावे.