नांतचा जाहीरनामा

फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने एप्रिल १५९८ मध्ये नांत या शहरी काढलेला हुकूम. कॅथलिक राज्यात राहणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रजेने उपासना कुठे करावी, मृतांना कुठे पुरावे, न्याय कुणाकडे मागावा, हे त्यात कलमवार ठरवून दिले आहे. १५६२ पासून थांबून थांबून पेटत राहिलेल्या धर्मयुद्धांचा त्याने शेवट केला.

फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना, म्हणजे धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांना, ह्यूगेनॉट म्हणत. संख्येने ते थोडे होते, पण त्यांत सरदार, वकील आणि कसबी कारागीर बरेच होते. १५५९ मध्ये राजा दुसरा हेन्री घोडेस्वारांच्या भाल्यांच्या झुंजीत जखमी होऊन मेला आणि गादी कोवळ्या मुलांकडे आली. राजमाता कॅथरिन द मेदिची दोन्ही पक्ष सांभाळू पाहत होती. कॅथलिकांमागे गीझ घराणे उभे होते, ह्यूगेनॉटांमागे कोंदे आणि कोलिन्यी हे सरदार. जानेवारी १५६२ मध्ये कॅथरिनने ह्यूगेनॉटांना शहराबाहेर उपासनेची मुभा दिली. १ मार्चला वासी या गावी एका कोठारात प्रार्थनेला जमलेल्या लोकांना गीझच्या ड्यूकच्या माणसांनी कापून काढले आणि युद्ध सुरू झाले.

सर्वांत काळे पान १५७२ चे. १८ ऑगस्टला पॅरिसमध्ये ह्यूगेनॉटांचा तरुण नेता, नाव्हारचा हेन्री, राजाची बहीण मार्गरितशी विवाहबद्ध झाला. नवरा प्रॉटेस्टंट, म्हणून लग्न नोत्र दाम चर्चच्या दारापुढे उभारलेल्या चौथऱ्यावर लागले आणि आतल्या मिसला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, तो गेला नाही. चार दिवसांनी कोलिन्यीवर गोळी झाडली गेली. तो जखमी झाला. २४ तारखेला, संत बार्थोलोम्यूच्या सणाच्या पहाटे, त्याला घरात घुसून मारले आणि प्रेत खिडकीतून खाली टाकले. कत्तल सरदारांवर थांबली नाही. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची दारे फोडली, प्रेते सेन नदीत गेली. पॅरिसमध्ये दोन ते तीन हजार माणसे मेली, असे बहुतेक इतिहासकार धरतात. पुढच्या आठवड्यांत ऑर्लेआँ, लियाँ, रुआँ इथेही हेच घडले. नवरदेव कॅथलिक झाल्याचे सांगून वाचला आणि चार वर्षांनी निसटून पुन्हा आपल्या पंथात गेला.

हाच हेन्री १५८९ मध्ये चौथा हेन्री म्हणून गादीचा धनी झाला. प्रॉटेस्टंट राजाला पॅरिस दारे उघडीना, तेव्हा जुलै १५९३ मध्ये त्याने सँ-दनी इथे कॅथलिक पंथ स्वीकारला. आता जुने सोबती धास्तावले. त्यांना दिलेला शब्द म्हणजे हा जाहीरनामा.

त्याचे पहिलेच कलम विसरण्याचे आहे. झाले गेले ते जणू घडलेच नाही असे मानावे. दुसऱ्या कलमाप्रमाणे, त्याची आठवण काढून कुणी कुणाला डिवचू नये. बाकीची कलमे थेट रोजच्या जगण्यात शिरतात. कॅथलिक सणांना ह्यूगेनॉटाने दुकान उघडायचे नाही, आणि बंद दाराआडही ज्याचा आवाज वाटसरूला किंवा शेजाऱ्याला ऐकू जाईल असे काम करायचे नाही. हातोड्याच्या ठोक्यावरून रस्त्यात रक्त सांडू शकते, हे लिहिणाऱ्यांनी पाहिलेले होते. सरकारी पदे ह्यूगेनॉटांना खुली झाली, वेगळ्या दफनभूमी मिळाल्या, काही न्यायालयांत दोन्ही पंथांचे न्यायाधीश बसू लागले. पॅरिस शहरात मात्र उपासनेला बंदीच राहिली, आणि कॅथलिक चर्चचा दशमांश कर त्यांनाही चुकला नाही. स्वतंत्र हुकमाने काही तटबंदीची गावे आठ वर्षांसाठी त्यांच्या ताब्यात राहिली.

पॅरिसचे वरिष्ठ न्यायालय हुकूम नोंदवायला तयार नव्हते. फेब्रुवारी १५९९ मध्ये हेन्रीने न्यायाधीशांना राजवाड्यात बोलावले. आपण राजवेषात नाही, मुलांशी मोकळेपणी बोलणाऱ्या बापासारखे घरच्या कपड्यांत आलो आहोत, असे त्याने सांगितले. त्या महिन्यात नोंद झाली.

या हुकमाला धर्मसहिष्णुतेची सनद म्हणण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. सगळ्यांनी एकाच पंथाने देवाला भजावे हे देवाच्या मनात ‘अजून’ आलेले नाही, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. त्या एका शब्दात हुकमाचे आयुष्य ठरले. चौदाव्या लुईने ह्यूगेनॉटांच्या घरांत सैनिक ठेवून त्यांना धर्मांतराला भाग पाडले, आणि आता बहुतेक ह्यूगेनॉट कॅथलिक झालेच आहेत, असे कारण देत ऑक्टोबर १६८५ मध्ये जाहीरनामा रद्द केला. सुमारे दोन लाख माणसे हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्गकडे निघून गेली. मागे राहिलेल्यांचे जन्म, लग्न आणि मृत्यू कॅथलिक पाद्र्याशिवाय सरकारी दफ्तरात नोंदवता येऊ लागले, ते १७८७ मध्ये.