सिगारेट नाही, विडी ओढतो

खोकला घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, "सिगारेट ओढता का?" तो म्हणतो, "नाही." शर्टाच्या खिशात मात्र विड्यांचं बंडल असतं. माणूस खोटं बोलत नाही. त्याच्या हिशेबात सिगारेट हे व्यसन, विडी म्हणजे पान, आणि बायकोची मिशरी तर दात घासायला. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करणारे निघाले; धूम्रपान करणारे प्रौढ मात्र फक्त ३.८ टक्के. म्हणजे "सिगारेट ओढता का" एवढंच विचारलं, तर जवळजवळ सगळेच निसटतात.

"विडी हलकी असते" हा समज मात्र मला सगळ्यात घातक वाटतो. विडीत तंबाखू जेमतेम पाव ग्रॅम, सिगारेटमध्ये जवळपास पाऊण ग्रॅम, त्यामुळे तो पटतोही. पण विडी ओढणाऱ्याकडे नीट बघा. गप्पा रंगल्या की विडी विझते आणि काडी पुन्हा ओढावी लागते. सिगारेटच्या कागदाला बारीक छिद्रं असतात. त्यांतून हवा शिरते, सिगारेट आपोआप धुमसत राहते आणि धूरही थोडा विरळ होतो. टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी जात नाही. विडी पेटती ठेवायची तर झुरक्यावर झुरका, तोही खोल, घ्यावा लागतो. अपुऱ्या हवेत जळालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावतात, ती याच वायूने.

पुढची गंमत रक्तात घडते. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. कार्बन मोनॉक्साइड तिथे ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एक जागा त्याने अडवली की रेणूचा आकारच असा बदलतो, की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही सहज सुटत नाही. रक्तात ऑक्सिजन आहे, पण स्नायूपर्यंत पोचून तो उतरतच नाही! ही तूट भरून काढायला शरीर तांबड्या पेशी वाढवतं. मग रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन भरपूर दिसतं, पेशंट खूश होतो, आणि तिकडे दाट झालेलं रक्त ढकलताना हृदय दमत असतं.

विडी सुटली की रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दर चार-पाच तासांनी साधारण निम्मा होतो. एक-दोन दिवसांत रक्त त्यातून जवळपास मोकळं होतं. ते काम श्वास करतो. "फुफ्फुस साफ करणारा" काढा विकत घेऊ नका, ते पैसे वाया जातात.

मग सोडायला लावायचं कोणी? १९७९ मध्ये संशोधक मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या २८ फॅमिली डॉक्टरांच्या पेशंटवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सोडायला सांगितलं, पत्रक दिलं आणि "पुन्हा विचारणार आहे" म्हणून बजावलं. त्यातल्या ५.१ टक्के लोकांचं धूम्रपान वर्षभर सुटलेलं राहिलं. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होतं. आकडा छोटा वाटेल, पण दवाखान्यात रोज येणारी गर्दी आठवा.

म्हणून डॉक्टरांनी नाव घेऊन विचारावं: विडी? तंबाखू? मिशरी? आणि "हो" आलं, तर लगेच दुसरा प्रश्न, "सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळात लागते?" उत्तर "अंथरुणातच" असेल, तर निकोटिनची पकड घट्ट आहे, अशा माणसाला नुसत्या सल्ल्याबरोबर औषधाचीही मदत द्यायला हवी.