२० सेल की ४०? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

फिरतीचं काम करणाऱ्या अंध माणसानं ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वर-खाली होणाऱ्या ठिपक्यांतून बोटाखाली आणणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं की दोन प्रश्न हमखास पुढे येतात. २० सेलचा घ्यावा की ४० सेलचा (सेल म्हणजे एका ब्रेल अक्षराच्या ठिपक्यांची जागा)? आणि नुसता डिस्प्ले घेऊन फोनला जोडावा, की लिहिणं, साठवणं, वाचणं सगळं आतच असलेला नोटटेकर घ्यावा? प्रश्न आजचे वाटतात, पण ब्रेल सोबत घेऊन हिंडायची धडपड सुरू झाली तेव्हापासून ते कुठल्या ना कुठल्या रूपात आहेतच. दर पिढीच्या यंत्रानं काहीतरी गाळलं आणि त्या बदल्यात वजन किंवा किंमत कमी केली. कुणी काय गाळलं हे ठाऊक असलं की आजच्या जाहिराती वाचणं सोपं जातं.

सगळ्यांत हलकं साधन सगळ्यांत जुनंही आहे. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली लिपी पुस्तकरूपानं मांडली. ती लिहायला पाटी आणि टोचणी पुरते. चौकटीत कागद अडकवायचा, उजवीकडून डावीकडे ठिपके टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. पाटी खिशात मावते, चार्ज करावी लागत नाही. पण आत्ता लिहिलेलं तपासायचं तर कागद काढून उलटावाच लागतो, आणि समोरचा भराभर पत्ता सांगत असताना तेवढी उसंत नसते.

ती अडचण टंकयंत्रानं सोडवली. अमेरिकेत इलिनॉयमधल्या अंधशाळेचे प्रमुख फ्रँक हॉल यांनी १८९२ मध्ये सहा कळांचं ब्रेल यंत्र तयार केलं: ब्रेल अक्षराला जास्तीत जास्त सहा ठिपके, म्हणून ठिपका तितकी कळ, हव्या त्या कळा एकदम दाबल्या की एका ठोक्यात अक्षर. हॉल यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. पुढे १९५१ मध्ये डेव्हिड अब्राहम यांनी घडवलेला पर्किन्स ब्रेलर आला आणि तो अजूनही वापरात आहे. दणकट खरा, पण वजन पावणेपाच किलोच्या घरात, आणि बैठकीत त्याची खटखट सगळ्यांना ऐकू जाणार. सहा कळांचा तो ठोका मात्र टिकला. २०१४ मध्ये आयफोनच्या काचेवर थेट ब्रेल टाइप करता येऊ लागलं, तेही सहा बोटांनीच.

कागद गळाला तो १९७० च्या दशकात. जर्मनीत क्लाउस-पीटर शोनहेर आणि फ्रान्समध्ये ओलेग ट्रेटियाकॉफ यांच्या प्रयत्नांतून ठिपके वर-खाली होणारी ओळ तयार झाली. आजच्या बहुतेक डिस्प्लेंमध्ये हे काम पिझोइलेक्ट्रिक पट्टी करते. प्रत्येक ठिपक्यासाठी अशी एक बारीक पट्टी असते. तिला सुमारे २०० व्होल्टचा दाब दिला की ती किंचित वाकते आणि टोकावरची पिन वर उचलली जाते. विद्युतप्रवाह नगण्य, त्यामुळे बॅटरी भरपूर चालते. संगणकाच्या ब्रेलमध्ये एका सेलला ८ ठिपके, म्हणजे ४० सेलच्या डिस्प्लेत अशा ३२० पट्ट्या. किमतीतला मोठा वाटा त्यांचाच. शिवाय ही पट्टी आडवी आणि पिनेच्या मानानं बरीच लांब असते. ओळीला लागून दुसरी ओळ बसवायला जागाच उरत नाही, म्हणून इतकी वर्षं आपण एकाच ओळीवर भागवत आलो.

१९८० च्या सुमारास टेलिसेन्सरी कंपनीचं व्हर्साब्रेल आलं. २० सेल, आणि मजकूर साठवायला साधी ध्वनिफितीची कॅसेट! टेबलावर मात्र ८० सेलचे डिस्प्लेही आले, कारण डॉस या तेव्हाच्या संगणकप्रणालीच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं मावत. त्या हिशेबानं आजचे ४० म्हणजे अर्धी ओळ आणि २० म्हणजे पाव.

१९८७ मध्ये डीन ब्लेझी यांनी ब्रेल ’एन स्पीक काढलं आणि त्यात चक्क सेलच गाळले. सात कळा, आत बोलणारा आवाज, बास. लिहायचं ब्रेलमध्ये, वाचायचं कानानं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत धाडसी काटछाट. पण बैठकीत एक कान यंत्राला आणि दुसरा माणसांना देणं दमवतं, आणि नावाचं स्पेलिंग बोटाखाली आल्याशिवाय खात्री पटत नाही. पुढे त्याच घराण्यातल्या ब्रेल लाइटमध्ये १८ सेल परत आले.

२००० मध्ये न्यूझीलंडच्या पल्स डेटा कंपनीनं विंडोज सीई या छोट्या यंत्रांसाठीच्या प्रणालीवर चालणारा ब्रेलनोट आणला. लेखन, पत्ते, वेळापत्रक, ईमेल असं सगळं एकाच पेटीत. नोटटेकरांचा तो सुवर्णकाळ, आणि दुखणंही तिथेच सुरू झालं: बाहेर वेबसाइट आणि फाइलींचे प्रकार बदलत राहिले, पेटीतलं सॉफ्टवेअर मागे पडत गेलं. सेल ठणठणीत, पण यंत्र जुनं.

२०१० मध्ये आयफोनला ब्लूटूथवरून ब्रेल डिस्प्ले जोडता येऊ लागला आणि नोटटेकरचं निम्मं काम फोननं उचललं. तरी जोडणीचा वैताग होताच. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या डिस्प्लेची भाषा वेगळी, त्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणारं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्यांना दरेकासाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे जोडणीचा दुभाषी प्रोग्राम, लिहावा लागे. २०१८ मध्ये यूएसबीच्या मानकांत ब्रेल डिस्प्लेसाठी समाईक एचआयडी मानक, म्हणजे सगळ्यांसाठी एकच भाषा, आलं. अँड्रॉइडवर ते पोचायला आणखी काही वर्षं गेली. जुना डिस्प्ले स्वस्तात मिळत असेल तर हे आधी पाहावं.

आता लांबीचं. दहा आकडी फोन नंबर, पुढे अंक आहेत हे सांगणाऱ्या संख्याचिन्हासह, ११ सेलमध्ये बसतो, म्हणजे १४ सेलच्या यंत्रावरही मावला. लांब ईमेल पत्ता २० सेलवर हमखास तुटतो. उभ्यानं बोलताना डाव्या हाताचं बोट ओळीवर आणि अंगठा पुढे सरकवायच्या कळेवर ठेवला की उजवा हात मोकळा राहतो. २० सेलवर दर तीन-चार शब्दांनी अंगठा दाबावा लागतो, पण यंत्र तळहातावर पेलतं. टिपणं आणि निरोप हेच काम असेल तर मी २० सेलच सुचवेन. तक्ते, हिशेब किंवा कोड रोजचा असेल तर ४० शिवाय निभत नाही.

काटछाट आजही चालूच आहे. ऑर्बिट रीडर २० ची किंमत खाली आली ती ठिपके उचलायची वेगळी युक्ती वापरून. ठिपके टणक लागतात, पण ओळ बदलायला वेळ लागतो आणि आवाजही येतो. शिवाय त्यात कर्सर राउटिंगच्या कळा नाहीत. इतर डिस्प्लेंवर प्रत्येक सेलच्या डोक्यावर अशी बारीक कळ असते. चुकलेल्या अक्षरावर बोट थांबलं की वरची कळ दाबायची, कर्सर तिथेच येतो. वाचणाऱ्याला तिच्यावाचून अडत नाही, दिवसभर मजकूर दुरुस्त करणाऱ्याला अडतं. दुसऱ्या टोकाला १० ओळींचा, ओळीत ३२ सेल असलेला मोनार्क आहे. त्यावर आलेखसुद्धा बोटांनी वाचता येतो, पण रोज पिशवीत टाकून हिंडण्याइतका तो हलका नाही.

फोन दर काही वर्षांनी बदलतोच. सेल मात्र नीट जपला तर त्याहून कितीतरी जास्त टिकतो. त्याचा वैरी म्हणजे बोटांचा तेलकटपणा आणि धूळ. म्हणून यंत्राच्या आत काय काय आहे याची यादी ऐकण्याआधी विक्रेत्याला एवढं विचारावं: एखादी पिन अडकली तर सेल कोण बदलून देतं, किती दिवसांत, आणि तोवर बदली यंत्र मिळतं का?