वर आपली लायसन्स फाइल ठेवली की झालं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासपासून उद्यमनगरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांपर्यंत एक समज घट्ट बसलाय: कोड ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला आहे ना, मग कुठूनही उचला, वर आपली लायसन्स फाइल (कोड कसा वापरायचा याच्या अटींची) ठेवा. साफ चूक. तुमच्या फाइलनं दुसऱ्याच्या कोडचं लायसन्स बदलत नाही. एमआयटी नावाचं लायसन्स तर अगदी सैल. पण कोड पुढं देताना तिथंही कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवावाच लागतो. (पोरं नेमकं तेच आधी उडवतात!) खरी गोची अपाचे २.० या लायसन्सच्या कोडची. जीपीएल हे आणखी एक लायसन्स; त्याची २००७ ची तिसरी आवृत्ती (जीपीएल ३) लावलेल्या प्रकल्पात तो कोड चालतो, 'फक्त जीपीएल २' असलेल्यात नाही. अपाचेतल्या पेटंटच्या अटी आड येतात. उसना कोड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, फाइलच्या डोक्यावरची मूळ नोटीस तशीच राहू द्या आणि खाली एसपीडीएक्सची (लायसन्सचं नाव ठरावीक पद्धतीनं सांगणारी) एक ओळ टाका.