आंबट दलदलीतले मिथेनखाऊ

सायबेरिया, फिनलंड, कॅनडा अशा थंड भागांत मैलोन्‌मैल दलदली आहेत, त्यांना पीट बॉग म्हणतात. तिथे स्फॅग्नम नावाचं मॉस (शेवाळासारखी छोटी वनस्पती) वाढतं, मरतं, पण धड कुजत नाही, नुसते थरावर थर साचत जातात, तेच पीट. पाणी आंबट, पीएच साधारण 4 च्या आसपास. खालच्या थरात ऑक्सिजन नसतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. आता मिथेन म्हणजे 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट तापवणारा गॅस, तो सगळा वर आला असता तर अवघड होतं. पण बराचसा येतच नाही, कारण वरच्या थरात, जिथे थोडा ऑक्सिजन पोचतो, तिथे तो खाणारे बॅक्टेरिया बसलेले असतात.

मिथेनखाऊ बॅक्टेरिया माहीत होते 1906 पासून, पण लॅबमध्ये जे वाढायचे ते बहुतेक न्यूट्रल पीएचवालेच. पीटचा नमुना बाटलीत ठेवला की मिथेन कमी होताना दिसायचा, म्हणजे खाणारा कोणीतरी आत आहे हे नक्की, पण वेगळा काढायला गेलं की तो काही वाढायचा नाही.

गंमत म्हणजे नुसतं आंबट करून भागत नव्हतं, खरी अडचण मिठाची होती. या दलदलींना पाणी मिळतं फक्त पावसाचं, त्यामुळे क्षार जवळपास नाहीतच, आणि लॅबमधलं नेहमीचं मीडियम (बॅक्टेरिया वाढवायचं अन्नपाणी) क्षारांनी भरलेलं, म्हणजे पथ्यावरच्या पेशंटला लग्नाचं जेवण वाढल्यासारखंच झालं. मॉस्कोच्या स्वेतलाना देदिश आणि त्यांच्या टीमने मीडियम अगदी पातळ केलं, पीएच खाली आणला आणि मग वाट बघत बसले, कारण हे जीव भयंकर सावकाश वाढतात. 1998 मध्ये त्यांनी अॅसिडमध्ये राहणारे मिथेनखाऊ वेगळे केल्याचं जाहीर केलं, 2000 मध्ये त्यातल्या एकाचं नाव ठेवलं मेथायलोसेला पॅलुस्ट्रिस. मला यात हेच आवडतं, की कुठलं महागडं मशीन नाही, त्या जिवाला घरी जेवढं मिळतं तेवढंच द्यायचं!

2005 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी अजून एक भारी गोष्ट दाखवली. स्फॅग्नममध्ये काही पेशी मेलेल्या, पोकळ, पाण्याने भरलेल्या असतात, मिथेनखाऊ बॅक्टेरिया चक्क त्यांच्या आत राहतात. पाण्यात बुडालेल्या मॉसला कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, तो हे बॅक्टेरिया मिथेन जाळून देतात, आणि मॉसकडून त्यांना ऑक्सिजन मिळतो. मॉसच्या अंगातला 10 ते 15 टक्के कार्बन असा मिथेनमधून आलेला निघाला.

अर्थात सगळाच मिथेन यांच्या तावडीत सापडत नाही. काही बुडबुड्यांनी सटकतो, काही कापूसगवतासारख्या झाडांच्या आतल्या पोकळ नळ्यांतून थेट हवेत जातो.

आणि मेथायलोसेला तर मिथेनशी एकनिष्ठही नाही. त्याला अॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या अॅसिडचाच प्रकार, दिलं तर तो त्यावर मजेत वाढतो आणि मिथेन फोडणारं एन्झाइम बनवणं कमी करतो. दलदलीत कुजताना अॅसिटेट तयार होतंच, त्यामुळे असा बॅक्टेरिया सापडला म्हणून त्या वेळी तो मिथेनच खात होता असं धरून चालता येत नाही.